खालच्या डेकची खोली घ्या, पण नकाशा बघून

क्रूझचं बुकिंग करायला बसलं की एजंट आधी बाल्कनीचा फोटो पुढे करतो. पांढरी खुर्ची, समोर निळं पाणी, टेबलावर कॉफीचा कप. त्यानंतर खिडकीची खोली येते आणि अगदी शेवटी, जरा पडलेल्या आवाजात, खालच्या डेकवरची बिनखिडकीची. तिचा भाव सगळ्यांत कमी. घरात वाद सुरू होतो तो इथेच. ‘एवढा खर्च करतोच आहोत तर खाली कशाला राहायचं?’ माझं सांगणं उलट आहे. पहिल्यांदा क्रूझला निघालेल्यांनी, पगारातून किंवा निवृत्तीच्या पैशातून जाणाऱ्यांनी एजंटने शेवटी दाखवलेली ही खोली सगळ्यांत आधी बघावी. स्वस्त आहे हे एक कारण झालं. दुसरं कारण त्याहून मोठं आहे: अनेकांना तिथे झोप अधिक चांगली लागते.

समुद्रावर जहाज मुख्यतः दोन तऱ्हांनी हलतं. डावी-उजवीकडे डुलतं आणि पुढचं-मागचं टोक आळीपाळीने वर-खाली होतं. डुलताना जितके उंचावर असाल तितका झोका मोठा. टोकाला जितके जवळ असाल तितकं वर उचलणं आणि खाली आदळणं जास्त. एसटीच्या शेवटच्या बाकावर बसून घाट उतरलेल्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. जहाजात कमी हलणारी मधली जागा म्हणजे लांबीच्या मध्याजवळ आणि उंचीने खाली, पाण्याच्या पातळीपासून फार वर नाही अशी. म्हणजे सर्वांत महागडे स्वीट ज्या वरच्या मजल्यांवर असतात, तिथेच हेलकावे अधिक जाणवतात. जहाजाच्या दोन्ही अंगांना पाण्याखाली पंखांसारखे स्टॅबिलायझर असतात. त्यांनी डुलणं बरंच आवरतं, टोकांचं वर-खाली होणं मात्र फारसं थांबत नाही. ज्यांना गाडी लागते त्यांना बोटही लागण्याची शक्यता असते. अशांनी फुकट मिळाली तरी अगदी पुढच्या टोकाची, वरच्या मजल्यावरची खोली घेऊ नये.

बिनखिडकीच्या खोलीची एक अडचण सांगायला हवी. मळमळ सुरू झाली की क्षितिजाकडे बघत राहिल्याने बरं वाटतं आणि इथे क्षितिजच नाही. अशा वेळी डोळे मिटून आडवं व्हावं, नाहीतर मधल्या उघड्या डेकवर जाऊन उभं राहावं. गोळी घ्यायची असेल तर डॉक्टरांना निघण्याआधी विचारून ठेवा. उलटी सुरू झाल्यावर गोळीचा उपयोग कमी होतो आणि यातल्या बऱ्याच गोळ्यांनी गुंगी येते. आपल्याकडे हंगाम सांभाळला तरी अर्धं काम होतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी अरबी समुद्र एरवी शांत असतो, जून ते सप्टेंबर तो कोणाचं ऐकत नाही.

आता नकाशा. प्रत्येक जहाजाचा डेक प्लॅन क्रूझ कंपनी देते आणि एजंटकडेही असतो. मागून घ्या, मोबाइलवर मोठा करून बघा, आणि आपल्या खोलीच्या वर काय आहे, खाली काय आहे हे बोट ठेवून तपासा. वर-खाली दोन्हीकडे खोल्याच असतील तर ती जागा शांत. खालच्या डेकवर असा शेजार पुष्कळदा मिळतो. पण खोल्यांच्या डेकलगतच वरती थिएटर, बार किंवा नाचायची जागा असेल तर रात्री एक वाजेपर्यंत ढोल ऐकत पडावं लागेल. नकाशात ज्या जागा कोऱ्या सोडलेल्या असतात तिथे बहुधा कर्मचाऱ्यांचं काम चालतं: स्वयंपाकघर, कोठार, धुलाई. भल्या पहाटे तिथे ढकलगाड्या फिरू लागतात. कोऱ्या जागेला चिकटून खोली घेऊ नका. लिफ्टच्या अगदी तोंडाशीही नको, दोन-चार दारं सोडून हवी. दोन खोल्यांमध्ये आतून दार असेल तर शेजाऱ्यांचं बोलणं ऐकू येतं. चौघांच्या कुटुंबाने जोडून दोन खोल्या घेतल्या असतील तर मात्र तेच दार सोयीचं.

खालच्या डेकची दोन्ही टोकं टाळावीत. पुढच्या टोकाला नांगराची साखळी असते आणि जहाज धक्क्याला लावताना आडवं सरकवणारे थ्रस्टरही तिथेच. जहाज बंदरात शिरतं ते बहुतेक वेळा पहाटे, म्हणजे हा सगळा आवाज नेमका साखरझोपेच्या वेळी. लक्षद्वीपसारख्या ठिकाणी मोठं जहाज धक्क्याला लागत नाही. ते बाहेर थांबतं आणि प्रवाशांना छोट्या बोटींनी बेटावर नेतात. तिथे नांगर पडला तर पुढच्या खोल्यांना गजराची गरज नाही. मागच्या टोकाला, विशेषतः जुन्या जहाजांत, इंजिन आणि पंख्यांची थरथर रात्रभर पलंगात उतरते. उरलेला मधला पट्टा आपला.

एजंट कधी कधी ‘गॅरंटी’ नावाची आणखी स्वस्त खोली सुचवतो. म्हणजे प्रकार तुम्ही ठरवायचा, खोली कंपनी ठरवणार. तरुण जोडप्याने खुशाल घ्यावी. बोट लागणाऱ्याने, हलकी झोप असलेल्याने आणि आईवडिलांना सोबत नेणाऱ्याने घेऊ नये, कारण आपण ज्यासाठी एवढा नकाशा वाचला ते सगळं तिथे नशिबावर जातं.

खाली राहायचं म्हटलं की कोणीतरी टायटॅनिकचं नाव काढतंच. १९१२ साली त्या जहाजावर दोन हजार दोनशेहून अधिक माणसं होती आणि जीवरक्षक बोटींत जागा होती ११७८ जणांची. त्या दुर्घटनेनंतर आंतरराष्ट्रीय नियम आले. आज बोटीतली जागा तिकिटाच्या वर्गावर ठरत नाही. संकटात कुठे जमायचं ती जागा प्रत्येक खोलीला आधीच नेमून दिलेली असते. जानेवारी २०१२ मध्ये इटलीच्या किनाऱ्याजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया हे क्रूझ जहाज आडवं झालं आणि ३२ जणांचा जीव गेला. त्याच दिवशी चढलेल्या पुष्कळ प्रवाशांचा संकटात जमण्याचा सराव तोवर झालाच नव्हता. त्यानंतर नियम बदलला आणि सराव जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी घेणं बंधनकारक झालं. तेव्हा सरावाची घोषणा झाली की सेल्फी काढत बसू नका. त्याच संध्याकाळी खोलीपासून जमण्याच्या जागेपर्यंत एकदा जिन्याने चालून या. संकटात लिफ्ट वापरता येत नाही. गुडघेदुखी असलेल्यांनी हे अंतर आधीच ध्यानात घ्यावं, आणि व्हीलचेअर लागत असेल तर बुकिंगच्या वेळीच सांगावं. तशा सोयीच्या खोल्या मोजक्याच असतात आणि लवकर संपतात.

ही खोली कोणी घेऊ नये तेही सांगतो. बंद जागेत जीव घाबरतो त्यांनी. दिवे मालवल्यावर आत असा मिट्ट काळोख होतो की पहाट झाली की दुपार ते कळत नाही. टीव्हीवर जहाजाच्या पुढचा कॅमेरा दाखवणारं चॅनेल असेल तर आवाज बंद करून ते चालू ठेवावं, उजाडल्याचं समजतं. तिघं-चौघं एका खोलीत राहणार असाल तर तिसरा-चौथा पलंग बहुधा भिंतीतून उघडणारा आणि शिडीने चढायचा असतो. तिथे आजोबांना झोपवण्याचा बेत करू नका. जुन्या जहाजांतल्या आतल्या खोल्या शे-सव्वाशे चौरस फुटांच्या आसपास असतात. बॅगा रिकाम्या करून पलंगाखाली सरकवाव्या लागतात. आणि नॉर्वेचे फिओर्ड किंवा अलास्काच्या हिमनद्या बघायला निघाला असाल तर माझा सल्ला बाजूला ठेवा. तिथे किनारा हाच कार्यक्रम असतो, परवडत असेल तर बाल्कनी घ्यावी.

मुंबई–गोव्याचं तसं नाही. जहाज संध्याकाळच्या सुमारास बॅलार्ड पियरहून निघतं आणि रात्र अंधारात पाणी कापण्यात जाते. २०२१ पासून मुंबईहून फिरणारं कॉर्डेलिया कंपनीचं एम्प्रेस हे जहाज १९९० साली बांधलेलं. त्या काळच्या जहाजांवर बाल्कन्या मुळातच थोड्या, म्हणून भाव चढे. दोन-तीन रात्रींसाठी काळ्या पाण्याकडे बघायला तेवढे पैसे का घालायचे? सूर्यास्त वरच्या मोकळ्या डेकवरून सगळ्यांना सारखाच दिसतो. खालच्या डेकवरची गोल खिडकीची खोली हा मधला पर्याय आहे. फरक थोडा असेल आणि सोबत वडीलधारी असतील तर जरूर घ्या. एवढं माहीत असू द्या की समुद्र खवळला की त्या खिडक्यांवर लोखंडी झाकणं लावतात. म्हणजे बघण्यासारख्या लाटा उसळतात तेव्हाच दिसायचं बंद.

वाचलेल्या पैशांनाही वाटा फुटतात, म्हणून भाव विचारताना सगळा विचारा. जाहिरातीतला आकडा माणशी असतो आणि तो एका खोलीत दोघं धरून काढलेला असतो. एकट्याने जायचं तर बहुधा दुसऱ्या माणसाच्या भाड्याचा मोठा भाग भरावा लागतो. त्यावर बंदर शुल्क, जीएसटी, दर दिवसाची टिप, वायफाय, बाटलीबंद पेयं आणि किनाऱ्यावरच्या सहली. सिंगापूरच्या क्रूझला टूरबरोबर जाणाऱ्यांनी यातलं काय टूरमध्ये धरलंय ते लेखी घ्यावं.

तेव्हा पैसे भरण्याआधी एजंटला डेकचा आणि खोलीचा क्रमांक मागा, नकाशावर ती खोली दाखवायला सांगा आणि तिच्या वर काय आहे ते विचारा. ‘सगळ्या खोल्या सारख्याच असतात’ असं उत्तर आलं तर दुसऱ्या एजंटकडे जा.