ज्येष्ठ खेळाडू आणि संघाची चढाई

पस्तिशी ओलांडलेल्या फुटबॉलपटूला संघात घेतले, की व्यवस्थापनाच्या शहाणपणाविषयी शंका घेतली जाते. वयाबरोबर वेग ओसरतो, दुखापत भरून यायला वेळ लागतो, हे आपणा डॉक्टर मंडळींना वेगळे सांगायला नको. तरीही २०२१ साली हैदराबाद एफसीने नायजेरियाच्या बार्थोलोम्यू ओगबेचे याला करारबद्ध केले. इंडियन सुपर लीगचा हंगाम सुरू झाला, तेव्हा तो ३७ वर्षांचा होता.

त्या हंगामात त्याने १८ गोल केले आणि सर्वाधिक गोलांचा मान मिळवला. परंतु माझ्या मते त्याचे खरे योगदान या आकड्यात नाही. असा मुरलेला आघाडीवीर पुढे उभा असला, की प्रतिपक्षाचे दोन बचावपटू त्याच्यातच गुंततात आणि बगलेवरच्या तरुणांना मोकळी जागा मिळते. जानेवारी २०२२ मध्ये ईस्ट बंगालवर ४-० असा विजय मिळाला. त्यात ओगबेचेचे तीन गोल होते. चौथा आपल्या कोल्हापूरच्या अनिकेत जाधवचा होता. २० मार्च २०२२ रोजी फातोर्ड्याला झालेल्या अंतिम सामन्यात तर ओगबेचेचा गोल नव्हताच. बरोबरीचा गोल साहिल तावोराने केला आणि पेनल्टींच्या वेळी लक्ष्मीकांत कट्टीमणीने तीन फटके अडवले. हे दोघेही गोव्याचे. चषक हैदराबादला आला.

आपल्यापैकी अनेकांची मुले अमेरिकेत आहेत. त्यांना हीच गोष्ट तिथल्या फुटबॉलच्या भाषेत लवकर पटेल. त्या खेळात संघाची प्रत्येक चढाई क्वार्टरबॅकच्या हातून सुरू होते. टॅम्पा बे संघाच्या तरुण क्वार्टरबॅकने २०१९ च्या हंगामात तब्बल ३० वेळा चेंडू प्रतिपक्षाच्या हाती दिला होता. पुढल्या वर्षी ४३ वर्षांचा टॉम ब्रेडी आला आणि ही संख्या १२ वर आली. फेब्रुवारी २०२१ मध्ये तोच संघ सुपर बोल जिंकला. ब्रेडीचा हात तरुणांहून बलवान नव्हता. कोणता चेंडू फेकू नये, हे त्याला कळत होते. शल्यचिकित्सेत ज्याला आपण परिपक्व निर्णय म्हणतो, तो याहून वेगळा काय असतो?

मात्र या चित्राची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. २०२३ मध्ये ओगबेचे गेला, प्रशिक्षक मानोलो मार्केझ गेले, वेतने थकली आणि २०२३-२४ च्या हंगामात हैदराबाद एफसी केवळ एक सामना जिंकून तळाला राहिली. पुढे २०२५ मध्ये तो क्लबच दिल्लीला हलला. आर्थिक दुरवस्था हे मुख्य कारण खरेच. पण अनुभव केवळ करारापुरता विकत घेतला, तर तो कराराबरोबरच निघून जातो, हा धडाही त्यात आहे.

याउलट सय्यद अब्दुल रहीम यांचे उदाहरण आपल्या मलकपेठच्या अगदी उंबरठ्यावरचे आहे. ‘मैदान’ चित्रपटामुळे २०२४ मध्ये त्यांचे नाव पुन्हा सर्वतोमुखी झाले. काचीगुडा आणि चादरघाट येथील शाळांत शिकवणाऱ्या या शिक्षकाने हैदराबाद सिटी पोलीस संघ घडवला. त्या संघाने मुंबईचा रोव्हर्स चषक १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे जिंकला. खेळाडूंचा कमजोर पाय तयार व्हावा म्हणून रहीम केवळ त्याच पायाने खेळायच्या स्पर्धा भरवीत. १९६२ च्या जकार्ता एशियाडमध्ये त्यांनी डोक्याला जखम झालेल्या जर्नेलसिंग या बचावपटूला आघाडीवर खेळवले. अंतिम सामन्यात त्याने गोल केला आणि भारताने दक्षिण कोरियाला २-१ असे हरवले. कर्करोगाने पोखरलेले रहीम जून १९६३ मध्ये गेले. परंतु १९७० च्या एशियाडमध्ये कांस्यपदक जिंकणाऱ्या संघाचा कर्णधार सय्यद नईमुद्दीन हा त्यांच्याच सिटी पोलीस संघातून पुढे आलेला होता. माणूस गेला, विद्या उरली.

आज मोठ्या रुग्णालयांत ज्येष्ठ डॉक्टरांचे मोल त्यांनी महिन्याभरात किती शस्त्रक्रिया केल्या यावरून ठरू लागले आहे. हा ओगबेचेचे केवळ गोल मोजण्यासारखाच प्रकार झाला. त्यांच्या उपस्थितीत कनिष्ठांचे किती निर्णय सुधारले, कोणती अनावश्यक शस्त्रक्रिया टळली, हे कोणत्याही तक्त्यात येत नाही. निवृत्तीच्या दिवशी शाल-श्रीफळ देऊन आपण त्यांना निरोप देतो आणि चाळीस वर्षांचे संचित त्यांच्याबरोबर घरी पाठवतो. त्यापेक्षा आठवड्यातून एक दिवस त्यांनी शस्त्रक्रियागृहात केवळ कनिष्ठांच्या शेजारी उभे राहावे, अशी व्यवस्था प्रत्येक रुग्णालयाने का करू नये? हातात सुरी घ्यायची गरज नाही. ‘थांब, इथे घाई नको’ हे योग्य क्षणी सांगणारा आवाज तेथे असला, तरी रुग्णाचे पुष्कळ हित साधेल.