एक विहीर, दोन मळे

मे महिना. सेलूत पारा चाळिशीच्या वर. बाहेर पडायची सोय नाही, म्हणून तुम्ही पंख्याखाली लोळत आईच्या फोनवर मोटारींची शर्यत खेळताय. पंधरा-वीस मिनिटं झकास जातात. मग फोन तव्यासारखा तापतो, गाडी अडखळायला लागते आणि तुमची भुणभुण सुरू होते, "फोन बिघडला, नवा घ्या!"

थांबा! फोन बिघडलेला नाही. तो शहाण्यासारखा वागतोय.

फोनमध्ये नखाएवढी एक चिप असते. तिच्यात दोन भाऊ राहतात. थोरला सीपीयू हिशेब करतो, कामांचा क्रम लावतो. धाकटा जीपीयू चित्रं काढतो. पडद्यावरचे पंचवीस-सव्वीस लाख ठिपके सेकंदाला साठ वेळा रंगवायचे, म्हणून तो शेकडो हातांनी एकदम काम करतो.

दोघांचे मळे वेगळे, पण विहीर एकच! चिपनं किती वीज वापरायची आणि किती उष्णता बाहेर टाकायची, याला मर्यादा असते. तीच ही विहीर. थोरल्याला काम कमी असलं, की त्याच्या वाटचं पाणी धाकट्याकडे वळवतात. शेतात दारं धरतात ना, अगदी तस्सं! दारं धरणारा गडी चिपमध्येच असतो. तो सतत तापमान बघत राहतो. उन्हाळ्यात विहीर खालावते, तशी गरम हवेत चिपची उष्णता लवकर बाहेर जात नाही. मग गडी दोघांचंही पाणी तोडतो, म्हणजेच वेग कमी करतो.

यातली गंमत गणितात आहे. विजेचा खर्च वेगाच्या प्रमाणात वाढतो आणि व्होल्टेजच्या वर्गाच्याही. दोन्ही दहा टक्क्यांनी कमी केले तर? ०.९ × ०.९ × ०.९ = ०.७२९. वेग दहा टक्के गेला, पण वीज वाचली सुमारे सत्तावीस टक्के!

मोठ्या यंत्रांनाही हा हिशेब चुकत नाही. पुण्याच्या सी-डॅकचा 'परम सिद्धी-एआय' नोव्हेंबर २०२० मध्ये जगातल्या महासंगणकांत ६३वा होता. त्यात दोघे भाऊ वेगवेगळ्या चिपांवर राहतात, पण वीज आणि उष्णता तिथंही मोजूनच वापरावी लागते.

तेव्हा फोन तापला तर खेळ थांबवा, कव्हर काढा, सावलीत ठेवा. फ्रिजमध्ये मात्र मुळीच नको, आत दमट हवेचं पाणी धरतं. आणि चार्जिंग चालू असताना खेळू नका.

आता एक गणित तुमच्यासाठी. वेग आणि व्होल्टेज दोन्ही वीस टक्क्यांनी कमी केले, तर वीज किती वाचेल? आधी स्वतः सोडवा, मग बाबांना घाला!