पुण्याला नॉमिनी नसतो



बँकेत ठेवीचा अर्ज भरताना वडीलधारी मंडळी एका रकान्यापाशी हमखास थांबतात. तो रकाना नॉमिनीचा. बहुतेक वडील तेथे मुलाचे नाव लिहितात आणि लिहिताना त्यांचा चेहरा किंचित उजळतो, हे मी काउंटरच्या पलीकडून अनेक वर्षे पाहिले आहे. १ नोव्हेंबर २०२५ पासून एका ठेवीसाठी चार जणांपर्यंत नावे देता येतात. तरीही नॉमिनी त्या रकमेचा मालक ठरत नाही. तो विश्वस्त म्हणून रक्कम स्वीकारतो. हक्क वारसांचा असतो.

पैशाची व्यवस्था अशी होते. पुण्याची काय? आपला कर्मसिद्धांत याबाबत निःसंदिग्ध आहे. ज्याचे कर्म, त्यानेच ते भोगायचे आणि निर्जराही त्यानेच करायची. पित्याचे उपवास, अभिषेक, शिखरजीची वंदना, यांतील काहीही पुत्राच्या खात्यावर वर्ग होत नाही. मग मुलाच्या कल्याणाची जी भावना आपण रोज जिनबिंबासमोर भावतो, तिला अर्थ कोणता?

भगवान ऋषभदेवांनी दीक्षेपूर्वी राज्याची वाटणी करून दिली. भरताला अयोध्या मिळाली, बाहुबलींना पोदनपूर. पिता प्रत्यक्ष प्रथम तीर्थंकर. तरीही भाऊ एकमेकांसमोर उभे ठाकले. दृष्टियुद्ध, जलयुद्ध आणि मल्लयुद्ध, तिन्हींत बाहुबली विजयी झाले आणि जिंकलेले राज्य सोडून तपाला निघाले. कुंभोजजवळच्या बाहुबली क्षेत्रावरील २८ फूट उंच मूर्तीसमोर आपण मुलांना आवर्जून नेतो. तेथे पित्यानेही मनाशी एक नोंद करावी. ऋषभदेवांनी त्यागाचा मार्ग चालून दाखवला होता. त्यावर पाऊल टाकण्याचा निर्णय मात्र बाहुबलींचा स्वतःचा होता. शास्त्राच्या भाषेत पिता निमित्त आहे, उपादान मुलाचा आत्मा आहे.

आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त बंगळुरूला असतात. त्यांची आई रोज फोनवर विचारते, "सूर्यास्तापूर्वी जेवलास ना रे?" कधी "हो" असे उत्तर येते, कधी विषय बदलतो. माझ्याही मनाला काळजी लागते. तरी पिता म्हणून माझ्या इच्छा तीनच आहेत.

पहिली, त्याची मिळकत न्यायाची असावी.

दुसरी, त्याने परिग्रहपरिमाण करावे. पगार वाढला की मोठे घर, मोठी गाडी आणि वीस-वीस वर्षांचे हप्ते, हे चक्र मी जवळून पाहिले आहे. किती कर्ज मिळेल, हे बँक सांगते. किती पुरे, हे बँक सांगत नाही. ते ज्याचे त्याने ठरवायचे असते. तत्त्वार्थसूत्रात मूर्च्छेलाच, म्हणजे आसक्तीलाच, परिग्रह म्हटले आहे. म्हणून मर्यादा वस्तूंच्या आधी मनाला घालावी लागते.

तिसरी इच्छा मला सर्वांत मोलाची वाटते. त्याला क्षमा मागता यावी आणि करताही यावी. वडिलांच्या पश्चात ठेवीची पावती घेऊन आलेले सख्खे भाऊ शाखेत दोन टोकांच्या बाकांवर बसलेले मी पाहिले आहेत. नॉमिनी एकाचा होता, वडील दोघांचे होते. कागद बिनचूक होता. मने मात्र कोणी सांधली नव्हती. क्षमावणीला आपण दोनशे जणांना एकच संदेश पाठवतो आणि ज्याच्याशी अबोला आहे, नेमके त्याचेच नाव वगळतो.

निमित्त होणे एवढेच पित्याच्या हाती आहे. पण ते थोडे नाही. मुलाने क्षमाशील व्हावे असे वाटत असेल, तर येत्या क्षमावणीला आपल्या अबोल्यातील भावाच्या दारी आपण स्वतः जावे आणि मुलाला सोबत न्यावे. घरी परतल्यावर त्याला उपदेश करू नये. त्याने जे पाहिले, ते त्याच्याजवळ राहू द्यावे.