बायकर रोमान्स: गिरगावात बुलेट चालवणारी मुलगी या कादंबऱ्यांमध्ये डबलसीट का बसते?

गुढीपाडवा आला की सोशल मीडियावर एक फोटो फिरतोच. नऊवारी, नथ, डोक्याला फेटा, डोळ्यांवर गॉगल आणि हातात बुलेटचं हँडल. ठिकाण, गिरगाव. शोभायात्रांची पद्धत डोंबिवलीत नव्वदच्या दशकाच्या शेवटी सुरू झाली, पण बाईकवरच्या बायका म्हटलं की अनेकांना आधी गिरगावच आठवतं. कोरोनामुळे दोन वर्षं यात्रा बंद होत्या. २०२२ च्या पाडव्याला त्या पुन्हा निघाल्या, तेव्हा बुलेटही परत रस्त्यावर आल्या.

याच सोशल मीडियावर पुस्तकांच्या रील्स बघत असाल, तर तुमच्यासमोर आणखी एक बाईक आली असेल. कव्हरवर टॅटूवाला, लेदर जॅकेटवाला हिरो, मागे त्याची मोटरसायकल. या प्रकाराचं नाव मोटरसायकल क्लब रोमान्स. या कादंबऱ्या लिहिणाऱ्या बहुतेक बायका आणि वाचणाऱ्याही बहुतेक बायकाच. तरी बाईक चालवतो तो हिरो, आणि हिरोइन मागे बसते.

असं का? आणि हीच गोष्ट मराठीत लिहायची ठरवली तर काय होईल? विषय जरा नीट समजून घेऊ.

गोष्ट साधारण काय असते?

अमेरिकेतलं एखादं छोटं शहर. तिथे बायकर्सचा एक क्लब. क्लबला अध्यक्ष, उपाध्यक्ष, स्वतःचे नियम आणि पाठीवर क्लबचं चिन्ह लावलेलं जॅकेट. सदस्य एकमेकांना भाऊ मानतात. काही धंदे कायद्यात बसतात, काही बसत नाहीत. या गावात हिरोइन येते, बहुतेक वेळा काहीतरी अडचण घेऊन. क्लबमधला एक जण तिच्या प्रेमात पडतो आणि पुढे अख्खा क्लब तिच्या पाठीशी उभा राहतो.

या प्रकारात गाजलेली दोन नावं म्हणजे क्रिस्टन अॅशलीची ‘मोटरसायकल मॅन’ (२०१२) आणि जोआना वाइल्डची ‘रीपर्स प्रॉपर्टी’ (२०१३). दुसरीत हिरोइनच्या भावाने क्लबचे पैसे बुडवलेले असतात आणि त्या हिशोबात क्लब तिलाच घेऊन जातो. प्रॉपर्टी म्हणजे मालमत्ता. सदस्याची बाई ‘अमक्याची प्रॉपर्टी’ असं लिहिलेलं जॅकेट घालते आणि कथेत तो तिचा मान समजला जातो. ते जॅकेट अंगावर असेल तर तिच्या वाटेला कुणी जात नाही.

हे सगळं आलं कुठून?

१९४७ च्या जुलैमध्ये कॅलिफोर्नियातल्या हॉलिस्टर नावाच्या छोट्या गावात मोटरसायकलवाल्यांचा मेळावा भरला. गावाच्या मानाने गर्दी फारच झाली, दारू आणि दंगा झाला. ‘लाइफ’ मासिकात त्याचा फोटो छापून आला आणि ‘बायकर म्हणजे गुंड’ ही प्रतिमा देशभर पोचली. त्या घटनेवरून सुचलेल्या कथेवर १९५३ मध्ये मार्लन ब्रँडोचा ‘द वाइल्ड वन’ हा सिनेमा आला. २००८ ते २०१४ या काळात ‘सन्स ऑफ अनार्की’ ही मालिका चालली. तिचं गावही छोटं आणि काल्पनिक. मालिका रंगात असतानाच या कादंबऱ्यांची लाट आली.

म्हणजे गुंडाची प्रतिमा आधीपासून तयार होती. रोमान्स लिहिणाऱ्यांनी त्यात एक गोष्ट घातली. हा गुंड जगाशी वाईट वागेल, पण तुझ्याशी नाही.

मग वाचकांना हे आवडतं तरी कसं?

‘मालमत्ता’ वगैरे वाचून हे बायकांच्या विरोधातलं लिखाण वाटू शकतं. पण वाचणारीला त्यात काय मिळतं तेही बघायला हवं. ज्या मुलीला रात्री घरी जाताना रस्त्यावर चारदा मागे वळून बघावं लागतं, तिला वीस दणकट माणसं आपल्या बाजूने उभी आहेत ही कल्पना आवडली तर नवल नाही. हिरो हे या कथांचं अर्धंच आकर्षण आहे. उरलेलं अर्धं म्हणजे प्रेमासोबत फुकट मिळणारं, प्रश्न न विचारणारं कुटुंब.

‘असलं वाचून मुली बिघडतात’ हा आक्षेप आपल्याकडे जुना आहे. चंद्रकांत काकोडकर हे एकेकाळी भरपूर वाचले जाणारे मराठी कादंबरीकार. राजेश खन्नाचा ‘दो रास्ते’ त्यांच्याच ‘नीलांबरी’वर बेतलेला. त्यांची ‘श्यामा’ ही कथा ‘रंभा’च्या १९६२ च्या दिवाळी अंकात आली आणि अश्लीलतेचा खटला उभा राहिला. खालच्या कोर्टाने निर्दोष सोडलं, पण हायकोर्टाने दोषी ठरवलं. शेवटी १९६९ मध्ये सुप्रीम कोर्टाने कथा अश्लील नसल्याचं सांगून काकोडकरांना सोडलं. त्यामुळे बायकर रोमान्सवर बंदी घाला वगैरे चर्चेत आपण पडायला नको. त्यापेक्षा या गोष्टीत नेमकं काय गृहीत धरलंय ते बघू.

मराठीत बाईक आणि प्रेम

बाईक आणि प्रेम हे समीकरण आपल्याकडेही आहेच. मुंबईत तर त्याला जागेचं कारण आहे. चाळीतल्या एका खोलीत आई-वडील, भावंडं, आजी. दोघांना निवांत बोलायला जागा कुठे? मग बाईक काढायची आणि चौपाटी गाठायची. २०१५ मध्ये आलेला अंकुश चौधरी आणि मुक्ता बर्वेचा ‘डबलसीट’ हा सिनेमा मुंबईतल्या जोडप्याच्या याच जागेच्या ओढाताणीवर होता. तिथे मागची सीट कुणाच्या मालकीची खूण नव्हती, तेवढाच त्यांचा एकांत होता.

चालवणाऱ्या बायकाही नव्या नाहीत. बायकांचा ‘बायकर्नी’ हा मोटरसायकल गट २०११ मध्ये पुण्यात उर्वशी पाटोळे आणि फिरदौस शेख यांनी सुरू केला. २०२३ मध्ये रमिला लटपटे नऊवारी नेसून बाईकवरून जगाच्या सफरीवर निघाल्या.

आणि छोट्या गावातली बाईकवाली लव्हस्टोरी म्हणाल, तर ती २०१६ मध्येच येऊन गेली. ‘सैराट’. आर्ची बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते, परशाकडे बघायचं की नाही हे स्वतः ठरवते. बायकर रोमान्सच्या हिरोइनला जे मिळत नाही ते हँडल आर्चीच्या हातात पहिल्यापासून आहे.

पण शेवट बघा

अमेरिकन कादंबरीत भावांची टोळी प्रेमाच्या बाजूने उभी राहते. ‘सैराट’मध्येही भावाची टोळी आहे, पण ती लग्न करून दूर गेलेल्या बहिणीला शोधत येते. जीव घ्यायला.

मुद्दा इथे आहे. ‘आपल्या माणसांसाठी काहीही करू’ म्हणणारी, नियम मोडणाऱ्याला माफ न करणारी, बाईला घराण्याची इज्जत समजणारी टोळी आपल्याकडे लेदर जॅकेट घालत नाही. ती घरात, भावकीत, जातीत असते. मुलीला तिच्यात भरती व्हावं लागत नाही, ती तिथेच जन्माला येते. त्यामुळे बायकर रोमान्स जसाच्या तसा मराठीत आणला की गडबड होते. तिकडे ज्याचं स्वप्न बघतात, त्याच गोष्टीपासून इथल्या अनेक मुलींना पळावं लागतं.

आर्चीला गाडी चालवायला घरच्यांची हरकत नव्हती. पाटलांच्या मुलीने बुलेट चालवली तर तो घराचाच रुबाब. हरकत आली ती तिने मागे कुणाला बसवायचं हे स्वतः ठरवल्यावर.

मग अशा जोडप्याच्या पाठीशी कोण?

कादंबरीत क्लब असतो. इथे कायदा आहे, निदान कागदावर. ‘शक्ती वाहिनी’ खटल्यात २७ मार्च २०१८ रोजी सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की दोन सज्ञान माणसांनी लग्न ठरवलं तर त्याला घरच्यांची, समाजाची किंवा पंचायतीची परवानगी लागत नाही. धोका असलेल्या जोडप्यांसाठी प्रत्येक जिल्ह्यात विशेष कक्ष, २४ तास हेल्पलाइन आणि जिल्ह्याच्या ठिकाणी सुरक्षित निवारा असावा, असे निर्देशही दिले.

पण दुसरा कायदा त्याच जोडप्याला उघडं पाडतो. वेगळ्या धर्माच्या दोघांना धर्म न बदलता लग्न करायचं असेल तर १९५४ चा विशेष विवाह कायदा लागतो. त्यात ३० दिवस आधी नोटीस द्यावी लागते आणि ती विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात सगळ्यांना दिसेल अशी लावली जाते. ज्यांच्यापासून लपायचं त्यांच्या हाती महिनाभर आधी नाव-पत्ता पडू शकतो.

गिरगावचा फोटो परत बघताना

पाडव्याच्या त्या फोटोला नावं ठेवायचं कारण नाही. भर रस्त्यात, ढोल-ताशात, हजारो लोकांसमोर बायका गाडी चालवतात आणि लोक कौतुकाने बघतात, हे चांगलंच आहे. फक्त त्या दिवशी रस्ता बंद केलेला असतो, मार्ग आधी ठरलेला असतो आणि बघणाऱ्यांची संमती गृहीत असते.

उद्या कुणी गिरगावातली बायकर लव्हस्टोरी मराठीत लिहायला घेतलीच, तर ती दुसऱ्या दिवसापासून सुरू करावी. फेटा उतरलाय, वाहतूक नेहमीची आहे, तिने गाडी काढली आहे आणि मागे तिने निवडलेला माणूस बसलाय. आता चाळीच्या गॅलरीतून बघणारे काय करतात? कौतुक करतात, की तिच्या भावाला फोन लावतात?