आठवीच्या आधीचा मे महिना

सातवीचा शेवटचा पेपर झालेला असतो, निकाल अजून लागायचा असतो, आणि आमच्या सांगोल्यात एसटी स्टँडपासून गल्लीच्या तोंडापर्यंत फ्लेक्स लागतात. ‘आठवी फाउंडेशन’, ‘व्हेकेशन बॅच सुरू’, ‘सेमीची संपूर्ण तयारी ४० दिवसांत’. भिशीला बायका जमल्या की कुरडयांचा गहू कधी भिजवला हे विचारायच्या आत प्रश्न येतो, “काय हो, तुमच्या लेकीचं नाव घातलं का?” आणि नाही म्हटलं की समोरचीच्या चेहऱ्यावर अशी काही काळजी उमटते, जणू पोरीला गोवराचा डोस द्यायचा राहिलाय!

मैत्रिणींनो, मीही नाव घातलं होतं. २०२३ चा मे महिना. लेक सातवी पास होऊन आठवीत निघाली होती. सकाळी सात ते दहा क्लास, दहानंतर ऊन मी म्हणतंय, पोरगी घामाघूम होऊन घरी. पंधरा दिवसांत ती भराभरा म्हणायला लागली, “आई, रूट टू इज अ‍ॅन इर्रॅशनल नंबर.” मला काय कळतंय त्यातलं, पण ऐकायला कोण आनंद! तिच्या बाबांनी तर फोनवर आत्याला ऐकवलं.

मग एक दिवस साबुदाण्याच्या पापड्या घालत होतो. मी सहज म्हटलं, “एका डब्यात अर्धा किलो आहे, दुसऱ्यात एक तृतीयांश, मिळून किती गं?” पोरगी कागद घेऊन बसली. एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश. वर एक अधिक एक दोन, खाली दोन अधिक तीन पाच. उत्तर दोन पंचमांश! म्हणजे अर्ध्या किलोत आणखी साबुदाणा घातला आणि तो अर्ध्या किलोपेक्षा कमी झाला. मी गणितात कच्ची, पण डबा माझ्या हातात होता. वर्गमूळ दोन अपरिमेय आहे हे माझ्या लेकीला पाठ होतं आणि पाचवी-सहावीचा अपूर्णांक तिला येत नव्हता.

मी क्लासच्या सरांकडे गेले. ते माणूस म्हणून चांगले होते. त्यांनी सरळ सांगितलं, “ताई, मागचं घ्यायला बसलो तर पालक म्हणतात, पैसे आठवीचे घेता आणि शिकवता पाचवीचं? दुसऱ्या क्लासला तीन धडे झाले, तुमच्याकडे एकच?” मी गप्प झाले. कारण हे म्हणणारी आई मीच होते. रोज संध्याकाळी मी लेकीला काय विचारत होते? “आज कितवा धडा झाला?” हेच ना!

आता तुम्ही म्हणाल, मग क्लास वाईटच का? तसंही नाही. दोन्ही माणसं कामाला जाणाऱ्या घरात मे महिन्यात तेरा वर्षांचं पोर दिवसभर मोबाईल घेऊन पडून राहतं. तीन तास कुठेतरी बसतंय, चार मित्र भेटतात, हेही काही थोडं नाही. त्या आईला नावं ठेवायचा मला काय अधिकार? आणि व्हेकेशन बॅचचा एक खराखुरा उपयोग मी पाहिलाय. झेडपीच्या शाळेत सातवीपर्यंत मराठीतून शिकलेलं लेकरू हायस्कूलला सेमीच्या तुकडीत बसतं. अंश-छेद येतो त्याला. पण सर न्यूमरेटर-डिनॉमिनेटर म्हणाले की बिचाऱ्याला वाटतं, हे काहीतरी नवीनच आलं. काटकोन त्याने शंभर वेळा काढलाय, आता तोच ‘राइट अँगल’ होऊन येतो. आमच्या गल्लीतल्या एका मुलाने तर विचारलं होतं, “मग लेफ्ट अँगल कधी शिकवणार?” सगळे हसले. तो पुढे दोन महिने वर्गात हात वर करेना. असे शे-दोनशे शब्द सुट्टीत कानावरून गेले तर पोराचा जून सुखाचा जातो. पण त्याला ४० दिवस आणि हजारोंची फी लागते का, हा प्रश्न आहेच.

भीतीही खोटी नाही. आठवीपर्यंत कोणाला नापास करायचं नाही, अशी २०१० पासून सवय लागली होती. २०२३ मध्ये राज्याने नियम बदलला. पाचवीला आणि आठवीला वार्षिक परीक्षा, त्यात राहिलं तर पुन्हा एक संधी, तरीही नाही जमलं तर त्याच वर्गात. झालं, क्लासवाल्यांच्या फ्लेक्सला एक ओळ वाढली! केंद्र सरकारने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंगसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात १६ वर्षांखालच्या मुलांना प्रवेश देऊ नये असं स्पष्ट लिहिलंय. पण त्या सूचनाच, अंमल राज्यांवर सोपवलेला. शिवाय पन्नासहून जास्त मुलं असलेल्या सेंटरचा तो विचार. आमच्याकडे वरच्या मजल्यावरच्या हॉलमध्ये तीस मुलं बसतात, तिथे कोण विचारतंय?

गंमत म्हणजे मागचं पक्कं करायचं हे शहाणपण सरकारला एकदा सुचलं होतं. करोनामुळे शाळा बंद होत्या तेव्हा, जुलै २०२१ पासून राज्यात ४५ दिवसांचा ‘सेतू अभ्यास’ घेतला. सेतू कशाचा? तर मागच्या इयत्तेत राहिलेल्याचा. आठवीच्या मुलाने आधी सातवीचं करायचं, मग पुढे. बऱ्याच घरात मोबाईलच नव्हता, नेटवर्क नव्हतं, त्यामुळे तो किती उतरला ते तुम्हीआम्ही जाणतो. पण दिशा बरोबर होती. ‘असर’चा २०२३ चा पाहणी अहवाल वाचा. २६ राज्यांतल्या २८ जिल्ह्यांत १४ ते १८ वर्षांच्या मुलामुलींना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागायला दिलं, ते जेमतेम ४३ टक्क्यांना आलं. चौथाई मुलांना दुसरीच्या पुस्तकातला मजकूर आपल्याच भाषेत नीट वाचता येईना. ही हायस्कूल-कॉलेजच्या वयाची मुलं! त्यांना पुढचे तीन धडे आधी शिकवून काय होणार?

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते सांगते.

आमच्याकडे रतीब घालायला येणाऱ्या मावशी त्याच मे महिन्यात एकदा पायरीवर बसल्या. म्हणाल्या, “वैनी, नात सातवी पास झाली. आता बास म्हणतोय तिचा बा.”

“का हो?”

“हायस्कूलला सगळं विंग्रजीत असतंय म्हणं. हिला कळायचं न्हाई. नापास हून घरी बसण्यापरास आधीच बसू दे की. आन् पोरगी घरात बसली की बघायला येणारे काय, वाटच बघत्यात.”

पोरगी तेरा वर्षांची. तिची शाळा वस्तीवर, सातवीपर्यंत. आठवी म्हणजे गावात यायचं, एसटीने. शाळेला जाणाऱ्या मुलींना अहिल्यादेवी होळकरांच्या नावाच्या योजनेतून एसटीचा पास फुकट मिळतो. पण तो शाळेसाठी. मे महिन्यातल्या खासगी क्लासला कुठला पास? तिकीट काढा, फी भरा, आणि शेरडं कोणी वळायची? २०२३ च्या मार्चपासून बायकांना अर्धं तिकीट झालं, तेवढाच काय तो दिलासा. म्हणजे हायस्कूलच्या तयारीची ज्या पोरीला सगळ्यात जास्त गरज, ती त्या फ्लेक्सखालून नुसती दूध घेऊन जाते.

आपल्या तालुक्यात उन्हाळ्याची सुट्टी सगळ्यांची सारखी कधीच नव्हती. २०१९ च्या दुष्काळात इथे चारा छावण्या होत्या. जनावरांबरोबर माणसंही तिथेच मुक्कामाला, आणि शाळेला सुट्टी लागली तशी पोरंही. पुण्या-मुंबईची मुलं समर कॅम्पला गेली, आमची खरोखरच्या छावणीत!

अमेरिकेत बाल्टिमोर नावाचं शहर आहे. तिथल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या अभ्यासकांनी १९८२ साली पहिलीत गेलेल्या सुमारे आठशे मुलांचा वर्षानुवर्षं माग ठेवला. २००७ मध्ये त्यांनी मांडलं की शाळा चालू असते तेव्हा गरीब मुलं जवळपास इतरांइतकीच शिकतात. अंतर पडतं ते उन्हाळ्यात. एका घरात पुस्तकं असतात, फिरणं असतं, बोलणं असतं, दुसऱ्या घरात नसतं, आणि नववीत दिसणारी दरी बरीचशी या सुट्ट्यांमधून साठलेली असते. पुढे दुसऱ्या अभ्यासकांनी नव्या चाचण्यांवर हे तपासलं तेव्हा दरी इतकी मोठी दिसली नाही, हेही सांगायला हवं. पण मावशींची नात आणि माझी लेक यांचा मे महिना शेजारी शेजारी ठेवून पाहिला, तर मला तरी पटतं.

मी मावशींना म्हटलं, पोरीला रोज दूध घेऊन तुमच्याबरोबर येऊ द्या, संध्याकाळी तासभर ओट्यावर बसेल. लेकीचा क्लास बंद केला (फी परत मिळाली नाही, ते जाऊ दे). गल्लीतली आणखी तिघं आली. निवृत्त गुरुजी शेजारी राहतात, ते दोन दिवस यायला तयार झाले. बी.एस्सी. करणारी एक मुलगी दोन दिवस. उरलेल्या दिवशी मी.

पहिला आठवडा फसला. कारण मीसुद्धा हौसेने आठवीचंच पुस्तक उघडलं! मावशींची नात कोपऱ्यात मान खाली घालून बसायची. शेवटी गुरुजींनी पुस्तक मिटलं आणि तिला विचारलं, “तुमच्याकडे रतीब किती घरी?” पोरगी बोलायला लागली. या घरी दीड लिटर, त्या घरी अडीच, तिकडे पावणेदोन, महिना तीस दिवसांचा, दोन दिवस खाडा. तोंडी हिशेब, फाडफाड. गुरुजींनी पाटीवर लिहिलं, एक पूर्णांक तीन चतुर्थांश. म्हणाले, “हे वाच.” तिला येईना. “अगं, हेच तुझं पावणेदोन!” पोरगी पाटीकडे बघतच राहिली. तिला अपूर्णांक येत होता. पुस्तकातला आणि किटलीतला एकच आहे, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. माझ्या लेकीचं नेमकं उलट होतं. मग दोघी शेजारी बसायला लागल्या.

पाच आठवड्यांत केलं तरी काय? भाकरीचे आणि मापाचे अपूर्णांक, भागाकार, रोज वर्तमानपत्रातला एक परिच्छेद मोठ्याने वाचायचा, आणि रोज दहा शब्द, मराठी एका बाजूला, सेमीचा दुसऱ्या बाजूला. बस. आठवीचा एकही धडा नाही. शाळा उघडायच्या आधी एक दिवस मी पोरींना हायस्कूल दाखवून आणलं. वर्ग कुठे, पाण्याचा नळ कुठे, मुलींचं स्वच्छतागृह कुठे, परतीची गाडी किती वाजता. मावशींच्या नातीने सगळ्यात जास्त प्रश्न शेवटच्या दोन गोष्टींवरच विचारले. कुठल्या फाउंडेशन बॅचमध्ये हे शिकवतात?

आणखी एक, जे मला उशिरा कळलं. आठवीत एनएमएमएसची परीक्षा असते. घरचं उत्पन्न वर्षाला साडेतीन लाखांच्या आत, सातवीत निदान ५५ टक्के (अनुसूचित जाती-जमातींना पाच टक्के सवलत), आणि शाळा सरकारी, झेडपीची किंवा अनुदानित. पोर निवडलं गेलं तर नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२ हजार रुपये. चार वर्षांचे ४८ हजार! अर्ज शाळेमार्फत भरायचा असतो. त्यात एक पेपर बुद्धीचा आणि दुसरा अभ्यासाचा, त्या दुसऱ्यात सातवीचंही विचारतात. शाळा उघडली की वर्गशिक्षकांना विचारा. विचारायला फी लागत नाही. आणि ज्यांच्या घरी दूध, भाजी, धुणंभांडी घेऊन कोणाची आई येते, त्यांनी तिलाही सांगा. तिच्यापर्यंत फ्लेक्स पोहोचत नाही.

मावशींची नात आठवीला बसली. तिचा पहिला नंबर वगैरे काही आला नाही. एनएमएमएसलाही थोडक्यात राहिली. पण शाळेत जात राहिली, आणि तिचा बाप आता “बघू” म्हणतो. त्या घरात “बघू” म्हणजे पुष्कळ झालं.

ओट्यावरची चटई त्यानंतर दर मे महिन्यात पडते. वेळ संध्याकाळी साडेपाच, ऊन उतरल्यावर. पुस्तक सातवीचं आणायचं, आठवीचं नको. पाण्याची बाटली मात्र ज्याची त्याने आणायची, कारण आमच्या गल्लीत उन्हाळ्यात नळ रोज येत नाही.