सोड्यातला वायू डोळ्यांखाली!

कार्बन डायऑक्साइड म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? शाळेत नळीने फुंकर मारून चुन्याची निवळी दुधाळ केली होती, ते? कॅन्टीनमधला सोडा? वर्कशॉपच्या भिंतीवर टांगलेला आणि आजवर कुणीही हात न लावलेला आग विझवायचा सिलिंडर? की एन्व्हायर्न्मेंटच्या पेपरात हमखास येणारा ग्लोबल वॉर्मिंगचा प्रश्न? या यादीत आता आणखी एक भर घाला. हाच वायू बारीक सुईने माणसाच्या कातडीखाली सोडतात. उपचाराचं नाव कार्बोक्सीथेरपी. डोळ्यांखालची काळी वर्तुळं, पोटावरची चरबी, मांड्यांवरच्या खळ्या, कातडी ताणून पडलेले पांढरे पट्टे... सगळ्यांवर म्हणे हा एकच उतारा!

मी हे कुठल्या परग्रहावरचं सांगत नाहीये. पुण्या-मुंबईच्या कॉस्मेटिक क्लिनिकांत हा उपचार मिळतो आणि त्याची माहितीपत्रकं आता आमच्या लेडीज होस्टेलपर्यंत पोचली आहेत. कॅम्पस सीझन तोंडावर आला की एकीला फॉर्मल सूट शिवायचा असतो, दुसरीला ॲप्टिट्यूडचं पुस्तक हवं असतं. माझ्या रूममेटला डोळ्यांखालची काळी वर्तुळं घालवायची होती. सहा सिटिंगचा कोर्स, आणि एका सिटिंगच्या पैशात आमची महिन्याभराची मेस भागेल. तिने ते माहितीपत्रक माझ्यापुढे टाकलं आणि म्हणाली, "तू केमिकलची ना? वाच आणि सांग, खरं आहे का हे?"

मी वाचलं. आणि खरं सांगते, पत्रकात लिहिलेलं शास्त्र बहुतेक बरोबर होतं! पंचाईत तिथेच आहे, आणि या लेखाचा विषयही तोच आहे.

आधी थोडा इतिहास. ही काही कालपरवा ब्यूटी पार्लरमध्ये निघालेली टूम नाही. फ्रान्समध्ये ओव्हेर्न्य भागात, जुन्या निवलेल्या ज्वालामुखींच्या प्रदेशात, र्वाया नावाचं गाव आहे. तिथल्या गरम झऱ्यांतून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेले, चार पावलं चालताच पोटऱ्या दुखणारे रोगी तिथे येत. १९३२ च्या सुमारास तिथल्या डॉक्टरांनी या वायूचा उपयोग अशा रोग्यांसाठी सुरू केला. कधी कोरड्या वायूत अंग ठेवायचं, कधी तो कातडीखाली टोचायचा. म्हणजे मूळ हेतू होता रक्ताभिसरण सुधारण्याचा. सौंदर्याचा कारभार पुष्कळ नंतर आला.

आता तत्त्व बघू. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहून नेतं हे आपण नववी-दहावीत शिकलो. पण तो ऑक्सिजन नेमका कुठे उतरवायचा हे त्याला कसं कळतं? जिथे पेशी काम करतात तिथे कार्बन डायऑक्साइड जास्त असतो, त्यामुळे तिथलं रक्त किंचित आम्लधर्मी होतं आणि हिमोग्लोबिनची ऑक्सिजनवरची पकड सैल होते. कोपनहेगनच्या ख्रिस्तियन बोर यांनी १९०४ साली हे दाखवून दिलं, म्हणून याला बोर परिणाम म्हणतात. (फर्स्ट इयरला आपल्याला छळणाऱ्या अणूच्या मॉडेलवाल्या नील्स बोर यांचे हे वडील!) शिवाय कार्बन डायऑक्साइड वाढला की त्या जागेच्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात. म्हणजे रक्त जास्त, ऑक्सिजन जास्त. पत्रकात एवढं सगळं आकृतीसकट दिलं होतं, आणि त्याखाली एक मोठा बाण काढून लिहिलं होतं : "म्हणून त्वचा उजळ आणि तरुण!"

त्या शेवटच्या बाणावर माझा आक्षेप आहे.

आपण इंजिनिअर मंडळी एका बाबतीत फार भोळी असतो. ज्योतिषी, बाबा, गंडेदोरे यांना आपण हसतो. पण कुणी फ्लो डायग्राम काढून एखादी गोष्ट समजावली, मध्ये दोन समीकरणं आणि एखाद्या शास्त्रज्ञाचं नाव टाकलं, की आपली मान आपोआप डोलते. कारण परीक्षेत आपण हेच करतो. तत्त्व लिहिलं, आकृती काढली, मार्क मिळाले! पण प्लँट तसा चालतो का? आमच्या ब्रांचला सर पहिल्या दिवसापासून सांगतात, की प्रयोगशाळेतल्या फ्लास्कमध्ये जमलेली प्रक्रिया आधी पायलट प्लँटवर चालवून बघायची आणि मग मोठ्या कारखान्याचा विचार करायचा. कागदावर बरोबर असलेली प्रक्रिया पायलटवर आपटली, अशी उदाहरणं प्रत्येक इंडस्ट्रियल व्हिजिटला ऐकायला मिळतात. मग स्वतःच्या चेहऱ्याच्या बाबतीत आपण पायलटचा रिपोर्ट का मागत नाही?

थोडं गणित करू, कॅल्क्युलेटरसुद्धा नको. स्वस्थ बसलेल्या माणसाचं शरीर मिनिटाला साधारण २०० मिलिलिटर कार्बन डायऑक्साइड तयार करतं. तासाला १२ लिटर, दिवसाला २८८ लिटर! हा सगळा वायू रक्तातून फुप्फुसात येतो आणि आपण तो बाहेर टाकतो. पोटाच्या कातडीखाली समजा १०० मिलिलिटर सोडला, तर ती शरीराची अर्ध्या मिनिटाची कमाई झाली. डोळ्यांखाली तर काही मिलिलिटरच जातो. म्हणून "हा शरीराचाच वायू आहे, निघून जातो" हे क्लिनिकवाल्यांचं म्हणणं खरं आहे. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये पोट फुगवायला हाच वायू वापरतात. तो पेट घेत नाही आणि रक्तात हवेपेक्षा कितीतरी लवकर विरघळतो.

पण हेच गणित उलट बाजूनेही वाचा ना! जो वायू इतक्या झटपट निघून जातो, त्याचा परिणाम महिनोन्‌महिने टिकतो तो कसा? टोचल्यावर जागा फुगते, दाबलं तर कुरकुर आवाज येतो, लाली येते, ऊब वाटते, आणि थोड्या वेळात सगळं पूर्ववत होतं. "त्या थोड्या वेळात आलेल्या जास्तीच्या रक्ताने पेशींना चालना मिळते, नवीन कोलाजेन बनतं," असं उत्तर मिळतं. असेलही. पण हे झालं गृहीतक. त्याची परीक्षा घ्यायला हवी.

चरबीच्या बाबतीत अशी एक परीक्षा झालेली आहे, आणि तिची रचना मला फार आवडली. २०१८ साली शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या त्वचारोगतज्ज्ञांनी ती प्रसिद्ध केली. फार जाड नसलेली १६ माणसं घेतली. प्रत्येकाच्या पोटाच्या एका बाजूला खरा वायू टोचला आणि दुसऱ्या बाजूला नुसतं उपचाराचं नाटक केलं. दर आठवड्याला एकदा, असं पाच वेळा. आणि चरबीचा थर टेपने किंवा फोटोने नाही, तर अल्ट्रासाउंडने मोजला. माणूस तोच, जेवण तेच, झोप तीच; फरक फक्त डाव्या-उजव्याचा! निष्कर्ष काय निघाला? उपचारानंतर लगेच वायूच्या बाजूची चरबी थोडीशी कमी दिसली. म्हणजे काहीच घडत नाही असं नाही. पण २८ आठवड्यांनी पुन्हा मोजलं तेव्हा दोन्ही बाजूंत फरक उरला नव्हता. वजनही घटलं नव्हतं. १६ माणसं म्हणजे काही फार नव्हेत हे मान्य. तरी शंभर चकचकीत फोटोंपेक्षा मला ही सोळा पोटं जास्त विश्वासाची वाटतात.

डोळ्यांखालच्या वर्तुळांचं प्रकरण याहून गुंतागुंतीचं आहे, कारण "काळी वर्तुळं" हा एक आजारच नाही. कुणाच्या त्वचेत तिथे रंगद्रव्य जास्त असतं, बऱ्याचदा आई-आजीपासून आलेलं. कुणाची त्वचा पातळ असते, म्हणून खालच्या शिरांचा निळसरपणा दिसतो. कुणी ॲलर्जीमुळे सारखे डोळे चोळतं. आणि कुणाच्या डोळ्यांखाली नुसती खळगी असते, तिची सावली पडते. ही शेवटची तपासायची असेल तर होस्टेलच्या बाथरूममध्ये वरच्या ट्यूबलाइटखाली आरसा बघा आणि मग सकाळी खिडकीकडे तोंड करून बघा. अर्धी वर्तुळं तिथेच जातील! वायूने रक्तप्रवाह वाढलाच, तरी त्याने खळगी भरत नाही आणि आजीकडून आलेला रंगही पुसला जात नाही. या उपचारावर लहान-लहान अभ्यास झालेत आणि काहींत बरे निकालही आलेत, पण पुष्कळशा अभ्यासांत शिकागोसारखी तुलनेची बाजूच नसते.

तुलना का हवी ते आपल्या होस्टेलवरच बघा. आपली वर्तुळं सगळ्यात गडद कधी असतात? सबमिशनच्या आठवड्यात. क्लिनिकची वाट आपण कधी धरतो? तेव्हाच. सहा आठवड्यांचा कोर्स संपतो कधी? परीक्षा आटोपून, घरी जाऊन, आईच्या हातचं खाऊन, दुपारी बारापर्यंत झोपून परत आल्यावर. चेहरा खुलणारच! कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते आणि पैसे मात्र कावळ्याला जातात.

धोक्याचंही बोलायला हवं. निळं-काळं पडणं, सूज, दुखणं हे नेहमीचं, आणि ते बहुधा दोन-चार दिवसांत जातं. पण सुई म्हटली की जंतुसंसर्ग आला, आणि वायू चुकून रक्तवाहिनीत शिरण्याची शक्यता, कितीही कमी असली तरी, शून्य नसते. डोळ्यांच्या आसपास तर ती शक्यता गमतीवारी नेण्यासारखी नक्कीच नाही. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा गंभीर आजार असलेल्यांना आणि गरोदर बायकांना हा उपचार करू नये असं सांगतात. म्हणून सुई हातात धरणारी व्यक्ती डॉक्टर आहे का, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तिची नोंद आहे का, हे विचारायला लाजायचं कारण नाही. पांढरा कोट तर आपणही केमिस्ट्री लॅबमध्ये घालतो!

आता कुणी म्हणेल, "ज्याचे पैसे, ज्याचा चेहरा, तुझं काय जातं?" प्रश्न बरोबर आहे. आणि मी हेही मान्य करते की दिसण्याची काळजी ही चैन नाही. मुलाखतीत पॅनल पहिल्यांदा चेहराच बघतं. मुलींना तर कॅम्पसनंतर कांदेपोह्यांचं पॅनलही असतं, आणि तिथे केटी चालते पण वर्तुळं चालत नाहीत! अशा वेळी आरशासमोर रडकुंडीला आलेल्या मैत्रिणीला "हे सगळं थोतांड आहे" म्हणून हसणं सोपं असतं, पण त्याने तिचा प्रश्न सुटत नाही. शिवाय हे थोतांड नाहीच. हे अर्धवट तपासलेलं तंत्र आहे, आणि ते पूर्ण तपासलेलं असल्यासारखं विकलं जातं. पैसे जातात ते बऱ्याचदा बाबांनी पतपेढीतून काढलेल्या शैक्षणिक कर्जातले असतात.

मी रूममेटला हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. तिच्या वहीच्या मागच्या पानावर तीन प्रश्न लिहून दिले. माझी वर्तुळं नेमक्या कुठल्या प्रकारची आहेत? या प्रकारावर उपचार न घेतलेल्यांशी तुलना करून काय दिसलं आहे? आणि सहा महिन्यांनी काय उरतं? ती ते पान घेऊन क्लिनिकमध्ये गेली. पहिल्या प्रश्नावर तिला आणखी दोन फोटो दाखवण्यात आले आणि तिसऱ्यावर "मेन्टेनन्स सिटिंग"चं पॅकेज. मग ती सरकारी मेडिकल कॉलेजच्या स्किन ओपीडीत जाऊन आली. केसपेपर काढून, दोन तास रांगेत बसून! तिथल्या डॉक्टरबाईंनी पापणी खाली ओढून बघितली आणि आधी रक्त तपासायला सांगितलं. हिमोग्लोबिन कमी निघालं. चेहरा एवढा फिकट आणि ओढलेला का दिसत होता, याचं थोडंफार उत्तर तिथे होतं. बोर साहेबांचा परिणाम दिसायला आधी हिमोग्लोबिन तर हवं!

जाता जाता दोन विनंत्या. पहिली आपल्या सरांना आणि रेक्टर मॅडमना : प्लेसमेंटच्या आधी ग्रूमिंगचं लेक्चर दरवर्षी होतं, टाय कसा बांधायचा ते शिकवतात. त्याच दिवशी तासभर एखाद्या त्वचारोगतज्ज्ञांना बोलवा आणि होस्टेलच्या मुलामुलींचं हिमोग्लोबिनही तपासून घ्या. (आणि सगळ्या विषयांची सबमिशन्स एकाच आठवड्यात ठेवू नका, वर्तुळं निम्मी तिथेच कमी होतील!) दुसरी विनंती तुम्हा सगळ्यांना : कुणी तत्त्व सुंदर समजावून सांगितलं तर टाळी जरूर वाजवा. पण पाकीट उघडण्याआधी पायलट प्लँटचा रिपोर्ट मागा. मागायचं शिक्षण आपण चार वर्षं घेतोच आहोत, तेही फी भरून.