कच्च्या लिंबासाठी मैदान राखू या

चिऱ्याच्या सात ठिकऱ्या, एक चेंडू आणि दोन गट. सावंतवाडीच्या शाळेत लगोरी मांडायला एवढं पुरतं. धाकटं भावंड डावात घुसलं की कुणीतरी ओरडतं, "तेका आऊट करू नकात, तो कच्चो लिंबू आसा!" चेंडू लागला तरी ते पोर खेळत राहतं. डाव समजला की एके दिवशी त्याच्यावरही राज्य येतं.

कुणी बाहेर राहू नये म्हणून पोरांनी आपणच नियम सैल करायचा, ही शहाणी रीत आज हातची जाते आहे. संध्याकाळ शिकवणीनं आणि मोबाइलनं घेतली. स्पर्धांत चपळ मुलं उतरतात, बाकीची टाळ्या वाजवतात. चालायला त्रास होणारं, कमी ऐकू येणारं किंवा मजूर आईबापांबरोबर नव्यानं आलेलं, मालवणी न कळणारं मूल तर कडेलाच बसून राहतं.

याच मुलांना आपले खेळ सहज सामावून घेतात. पळता येत नाही त्यानं लगोरी फोडायला नेम धरावा. डोंगर-पाणी खेळताना हाकेबरोबर हातही वर करावा, म्हणजे ऐकू न येणाऱ्यालाही कळेल. सागरगोटे शिकायला तर भाषा लागतच नाही. पट कमी असलेल्या शाळेत पहिली ते चौथीचा एकच डाव रंगतो.

शिक्षण हक्क कायद्यानं २००९ मध्ये प्रत्येक शाळेला मैदान देऊ केलं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं खेळाची समान संधी दिली. आता ते मातीत उतरवायचं काम आपलं.

गुरुजी, बाई, आठवड्यातला एक तास खेळाचा ठेवा. त्यात गुण नकोत, ढाल नको, पण प्रत्येक मूल हवं. शाळा व्यवस्थापन समितीनं मैदानावर गाड्या आणि बांधकामाचं सामान येऊ देऊ नये. आजी-आजोबांनो, शाळेत या, विटी कशी उडवायची ते दाखवा. पालकांनो, वाढदिवसाला सावंतवाडीच्या चितारआळीतला लाकडी भोवरा द्या आणि जाळी कशी गुंडाळायची तेही शिकवा. पावसात मैदान चिखलानं भरलं तर पडवीत गजगे मांडा.

पैसा लागत नाही, परवानगी लागत नाही. येत्या शनिवारी आपल्या शाळेत जा, कडेला बसलेलं मूल शोधा आणि त्याला पहिला गडी म्हणून घ्या.